अकरा मुक्या गिटारी

मंडळी, बसा. सावकाश बसा, जरा पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. तिकडे खांबाला टेकलेले काका मला बघून फोन लपवताहेत. नका लपवू काका, असू दे हातात! आजचं आख्यान त्याच फोनमधलं आहे.

पण आधी एक प्रश्न. ऐकून सोडून द्यायचा नाही, मनात धरून बसायचा. ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे, त्याच्यापासून आपण लपवतो तरी काय? देव सर्वज्ञ आहे, मानता ना? सगळ्यांच्या माना हलल्या. मग मला सांगा, रांगेत कोपराने ढकलत आलेला माणूस गाभाऱ्याशी पोचला की एकदम गरीब का होतो? डोळे मिटतो, ओठ हलवतो, चेहरा असा करतो की जन्मात कुणाला ढकललं नाही. कुणासाठी हे? ज्याने ते ढकलणं बघितलं त्याच्यासाठीच! आणि त्याहून अवघड प्रश्न — त्याला सगळं दिसतं, तर तो बोलत का नाही?

ऐका.

गडहिंग्लजला शिवलिंग हत्तरगी नावाचे गृहस्थ. वय सहासष्ट. सगळे अण्णा म्हणतात. चाळीस वर्षं त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती अण्णांकडे आणायचे. अण्णा जळकी तार काढायचे आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे भरायचे. हात इतका सवयीचा की गप्पा मारताना वेढे मोजायचे आणि चुकायचे नाहीत.

एकदा एक ऑर्केस्ट्रावाला त्यांच्याकडे विजेवरची गिटार घेऊन आला. आवाज येत नव्हता. अण्णांनी आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. पण स्क्रू दिसला की माणूस थांबतो का? उघडली. आत काय होतं, तर तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याची तार. केसाएवढी बारीक. सात-आठ हजार वेढे!

मंडळी, हे जरा नीट समजून घ्या, गंमत आहे. साध्या गिटारीचं पोट पोकळ असतं, आवाज त्यात घुमतो. विजेच्या गिटारीला बहुधा पोटच नाही, भरीव लाकूड. नुसती छेडली तर डास गुणगुणावा एवढाच आवाज. पण वर पोलादी तार थरथरली की खाली त्या वेढ्यांत वीज जन्मते. मध्ये काही चिकटलेलं नाही, जोडलेलं नाही. एक थरथरतं, दुसऱ्यात वीज उठते. ती वीज यंत्राने मोठी केली की जो ऐकू येतो, तो गिटारीचा आवाज.

अण्णा बघतच राहिले. जन्मभर जे वेढे पाणी उपसायला भरले, त्यांतून सूर निघतो! त्यांनी ती गिटार दुरुस्त केली. तोवर ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. तो माणूस म्हणाला, ठेवा तुम्हालाच.

ती पहिली. मग छंदच लागला. कोल्हापूरच्या भंगारातून एक, बेळगावच्या कुणाच्या माळ्यावरून दोन. मोडक्या आणायच्या, वेढे नवे भरायचे, अंगठ्याने एकदा तार हलवून आवाज आला की भिंतीला टांगायच्या. अशा अकरा झाल्या. अण्णांच्या पत्नी गौराक्का रोज त्यांच्यावरची धूळ पुसायच्या. मेहुणे जेवायला आले की म्हणायचे, वाजवायला एक येत नाही आणि भिंतीला अकरा. उद्या अंगणात विमान आणून ठेवा! सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. पण ते बोलणं रुतलं होतं.

पुढे कुणीतरी अण्णांना फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. विजेच्या गिटारी जमवणारे सहा जण, म्हणून ग्रुपचं नाव ‘सहा तारा’. नियम एकच. रोज एक फोटो टाकायचा, पण नुसत्या गिटारीचा नाही. आजच्या दिवसातलं काहीतरी तिच्याशेजारी पाहिजे. वसईच्या रेमंड तुस्कानोंची फुलशेती, त्यांच्या गिटारीशेजारी मोगऱ्याच्या पाट्या. चिपळूणच्या शर्वाणी बापट या दातांच्या डॉक्टर, त्यांच्या गिटारीवर मांजर झोपलेली. मिरजेच्या इम्तियाज शिकलगारांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडवतात. त्यांच्या गिटारीला मागे दहा सतारींची सोबत. आणि अण्णांचा फोटो सकाळी सात वाजता: गिटार, डाव्या हातात चहाचा कप, कधी वाळत घातलेले सांडगे, कधी शेजारच्यांचं करडू.

पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, अण्णा, किती वर्षं वाजवता?

अण्णांनी लिहिलं, वीस.

बास, एवढंच! दोन अक्षरं. मेहुण्यांचं हसू कानात होतं, बोटांनी लिहून टाकलं. वाजवता न येणाऱ्याला हे लोक ठेवून घेतील का, ही भीती. मग त्या वीसला सांभाळणं आलं. आज सकाळी थोडं वाजवलं, असं अधूनमधून लिहायचं. रेकॉर्डिंग पाठवा म्हटलं कुणी, की यंत्र बिघडलंय. मोटार वाइंडिंगवाल्या माणसाचं यंत्र दोन वर्षं बिघडलेलं! गौराक्का म्हणायच्या, “सांगून टाका की एकदाचं. माणसं चांगली दिसत्यात.” अण्णा म्हणायचे, उद्या सांगतो.

तो उद्या तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

आणि गंमत म्हणजे ती माणसं अण्णांचा श्वास झाली होती. दुकान बंद झालेलं, गुडघे दुखायचे, मुलगी लांब नांदायला. सकाळचा तो फोटो आणि त्याखालच्या गप्पा — वाइंडिंगची तार कुठे चांगली मिळते, मोगऱ्यावर कीड पडली तर काय करावं — यावर दिवस उभा राहायचा. शर्वाणी डॉक्टरांची आई चाळीस दिवस दवाखान्यात होती. चाळीस दिवस अण्णांनी रोज विचारलं, आज आईने काय खाल्लं? आणि आपल्या नाश्त्याच्या ताटलीचा फोटो टाकून खाली लिहायचे, हे खाल्लं असं समजून तुम्हीही दोन घास खा.

मग एका मंगळवारी रेमंडनी लिहिलं, येत्या रविवारी डॉक्टर, इम्तियाज आणि मी, आम्ही तिघं गडहिंग्लजला येतोय. एवढे दिवस फोटोत बघितल्या, आता तुमच्या गिटारी ऐकू.

अण्णांचा चहा तसाच निवला. ऐकू म्हणजे काय? म्हणजे आता वाजवा!

दोन दिवस त्यांनी शिकायचा प्रयत्न केला. हसू नका, सहासष्टाव्या वर्षी, दोन दिवसांत, वीस वर्षांचं! पोलादी तार बोटाच्या टोकात रुतते. डोळ्यांत पाणी आलं, सूर नाही आला. शुक्रवारी अण्णांनी गौराक्कांकडून डाव्या हाताची बोटं पट्टीत बांधून घेतली. गाठ मारून त्या तशाच गिटारींवरची धूळ पुसायला गेल्या, आणि अण्णांना ते बोलण्यापेक्षा जड गेलं. सातशेच्या वर फोटो झाले होते, सगळे खरे. त्या दिवशी पहिला खोटा फोटो गेला. पंख्याचं पातं लागलं, वाजवता येणार नाही, पुन्हा केव्हातरी या.

डॉक्टरांनी विचारलं, टाके किती?

बघा आता. खोटं बोलून भागत नाही, त्याला टाके किती तेही सांगावं लागतं. अण्णांनी लिहिलं, चार.

त्यांना वाटलं होतं, येणं रद्द होईल. उलट झालं. हाताला लागलंय म्हटल्यावर माणसं दुपारची यायची ती सकाळीच आली! रेमंडनी फुलं आणली, इम्तियाजनी बेदाणे, आणि डॉक्टरांनी औषधांची पेटी. गौराक्कांनी उप्पीट केलं होतं. बशा हातात दिल्या आणि त्या स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभ्या राहिल्या. पुढचं त्यांना बघवणार नव्हतं.

डॉक्टर अण्णांशेजारी बसल्या. म्हणाल्या, अण्णा, हात द्या, पट्टी बदलू. अण्णा म्हणाले, नको, कालच बदलली. त्या म्हणाल्या, मी एवढ्या लांबून कशाला आले? आणि हात घेतला मांडीवर.

एक वेढा सुटला. दुसरा सुटला. मंडळी, जन्मभर वेढे भरलेला माणूस आणि आज त्याच्यासमोर त्याचे वेढे सुटताहेत! अण्णा भिंतीकडे बघत होते. मनात एकच — गेलं. हे घर आता पुन्हा मुकं होणार.

पट्टी संपली. आत बोटं. धडधाकट, स्वच्छ, एक ओरखडा नाही.

डॉक्टरांनी बघितलं. उजेडाकडे वळवून नीट बघितलं. मग पेटीतून नवी पट्टी काढली आणि पुन्हा बांधायला लागल्या. बाकीच्यांना म्हणाल्या, “जखम भरत आलीय. अजून आठवडाभर कुणी यांना वाजवायचा आग्रह करायचा नाही.”

थांबा इथे. पुढे जाऊ नका. काय केलं त्या बाईंनी? नव्हतीच जखम, आणि तरी बांधली! का? बांधायला काहीतरी होतं म्हणूनच ना?

अण्णांनी तो पहिला वेढा बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्याला त्यांनी डॉक्टरांचं मनगट धरलं.

“नका बांधू,” अण्णा म्हणाले. “काही लागलेलं नाही मला. मला वाजवता येत नाही. वीस वर्षं नाही, वीस मिनिटंसुद्धा नाही.”

 रेमंडनी हातातली बशी खाली ठेवली.

“माहीत आहे, अण्णा.”

इम्तियाजनी चमकून रेमंडकडे बघितलं. “तुम्हालाही?”

“म्हणजे तुम्हालापण?” डॉक्टर म्हणाल्या.

आणि मग उलगडलं! जमवणाऱ्याची नजर ती, फोटो मोठा करून स्क्रूसुद्धा बघते. रेमंडनी पहिल्या महिन्यातच बघितलं होतं, की गिटारीच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या काळवंडलेल्या आहेत. वाजवणाऱ्याच्या गिटारीवर त्या तारांखाली घासून चकाकतात. डॉक्टरांनी कप धरलेली डाव्या हाताची बोटं बघितली होती. वीस वर्षं वाजवलं तर टोकांना घट्टे पडतात, ही तर मऊ. आणि इम्तियाज म्हणाले, अण्णा, मागच्या वर्षी त्या पिवळ्या गिटारीला तुम्ही जाडी तार बारकीच्या जागी चढवली होती, तीन दिवस तशीच फोटोत होती. मी म्हटलं, बोलायचं नाही.

प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्यालाच कळलंय. म्हणून प्रत्येक जण इतरांपासून अण्णांना झाकत होता! कुणी रेकॉर्डिंग मागितलं की डॉक्टर मांजरीचा फोटो टाकायच्या. इम्तियाज मिरजेत नदीचं पाणी किती चढलं ते सांगायचे.

दारामागून गौराक्का बाहेर आल्या. म्हणाल्या, “मला विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं की ओ.”

सगळे हसले. अण्णा नाही हसले. त्यांनी विचारलं, “म्हणजे दोन वर्षं माझी मजा बघत होता?”

आता उत्तर कोण देणार? डॉक्टरांनी दिलं. त्या म्हणाल्या, “माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा घास उतरत नव्हता मला. सकाळी सात वाजता तुमची ताटली यायची. ती बघून मी खायचे. तुम्हाला वाजवता येतं का, हे मी कशाला विचारू?”

अण्णा उठले. त्यांनी भिंतीवरची पहिली गिटार काढली, ती ऑर्केस्ट्रावाल्याची, आणि रेमंडच्या हातात दिली. स्वतः यंत्र जोडलं. ते बिघडलेलं नव्हतंच. रेमंडनी त्यांच्या चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेला म्हणतात तशी एक संथ चाल धरली.

मंडळी, हे ऐका. सबंध आयुष्यात अण्णांनी त्या गिटारीचा आवाज ऐकला नव्हता. एका अंगठ्याने एक तार, एवढंच. आठ हजार वेढे त्यांनी आपल्या हातांनी भरले होते, एकेक मोजून. त्या वेढ्यांतून सूर उठत होते आणि भरणारा पहिल्यांदा ऐकत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान डोलावली नाही. नुसते म्हणाले, “हिचा आवाज असा आहे होय.”

मग म्हणाले, आता ती लाल घ्या. मग पिवळी. जेवणवेळ टळली, गौराक्कांनी दोनदा हाक मारली. अकराच्या अकरा ऐकल्या.

आता हिशेब तुम्हीच मांडा. लपवल्याने अण्णांचं काय वाचलं? काही नाही, सगळ्यांना ठाऊकच होतं. आणि गेलं काय? दोन वर्षं ते सूर त्यांच्याच भिंतीवर टांगलेले होते. येत नाही हो मला, तुम्ही वाजवून दाखवता का, एवढं लिहिलं असतं, तर वसईचा माणूस दुसऱ्या दिवशी गाडीत बसला असता!

तसंच आपलं. देव बोलत का नाही, विचारलं होतं ना मी? तो आपल्याला पकडायला बसलेला नाही. तो आपल्या तोंडून ऐकायला थांबलाय. आपण म्हणतो, बघ देवा, वीस वर्षं तुझी भक्ती करतोय. तो ऐकून घेतो. आपली मऊ बोटं त्याला दिसतात, तरी सकाळी पुन्हा येतो. ज्या दिवशी आपण म्हणू, नाही रे, मला येत नाही तुझं नाव घ्यायला, मन लागत नाही माझं — त्या दिवशी तो आपल्या हातातलं काढून घेईल आणि वाजवून दाखवेल.

उद्याचं जाऊ दे. आता आरतीला उभे राहाल. दर वर्षी बघते, अर्धी माणसं टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडून गंभीर उभी. का, तर ताल चुकतो आणि शेजारच्याला कळेल म्हणून. अहो, शेजारच्याला कधीचंच कळलंय! उठा. ज्यांना ताल येत नाही, त्यांनी आधी सुरू करा. बाकीचे सांभाळून घेतील.