बेकरीच्या गल्ल्यावर बिलाच्या मशीनची काच फुटल्याबाबत

जबाब देणार: बेकरीवाल्या वहिनी, वय ५४ वर्षे, धंदा बेकरी, राहणार बेकरीच्याच वरच्या मजल्यावर. (मी पाळण्यातले नाव सांगितले होते. हवालदार म्हणाले, त्या नावाने तुम्हाला कोण ओळखणार?)

मी समक्ष हजर होऊन सांगते की, वरील ठिकाणी मी पतीसह राहते व बेकरी चालवते. पती, वय ६३, एकतीस वर्षे गल्ल्यावर बसत. मागील वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. हाताने बिल लिहिता येईना, म्हणून त्यांनी बसणे सोडले. सोडले म्हणजे मीच म्हटले, आता आराम करा. ते मला आजही खुपते.

बिलाचे मशीन घ्यायचे ठरले ते त्यांच्यासाठीच. विक्रेत्याने तीन मशिने आठ दिवस वापरून पाहण्यास ठेवली. एक मोठ्या बटणांचे, दुसरे हातात धरायचे, तिसरे नुसत्या काचेचे, बोट लावले की बिल. विक्रेता म्हणाला, "वहिनी, बटणांचा जमाना गेला. डोळे झाकून काचेचं घ्या." धंद्यात मी डोळे झाकून काही घेत नाही. मैद्याच्या हाताने, लोण्याच्या हाताने तिन्हींवर बिले काढून पाहिली. हातात धरायचे दोनदा निसटून मैद्याच्या डब्यात गेले, ते बाद केले.

गुरुवारी सकाळी ११ चे सुमारास काचेचे मशीन फुटले. ते नापसंत होते म्हणून मी मुद्दाम फोडले, अशी विक्रेत्याची तक्रार आहे. हे साफ खोटे आहे. पुसताना ते माझ्या हातून पडले. पती त्या वेळी वरच्या मजल्यावर होते. काच बरोबर मधोमध कशी तडकली, असे विचारता मी सांगितले की, पडणाऱ्या वस्तूला मी काय शिकवू?

इथपर्यंतचा मजकूर वाचून दाखवला जात असताना बाहेर बाकावर बसलेले माझे पती आत आले व म्हणाले, "खोडा ते, साहेब. हिच्या हातून काही पडलेलं नाही. गल्ल्यावर मी होतो." मी त्यांना गप्प बसण्यास सांगितले. ते बसले नाहीत.

म्हणून दुरुस्त करून सांगते की, त्या सकाळी पती आपणहून गल्ल्यावर येऊन बसले. बोट थरथरल्याने दोन पावांचे काचेवर कधी चार झाले, कधी सात. गिऱ्हाईक शाळेतल्या बाई होत्या, त्या थांबल्या. चौथ्या खेपेस बिल बरोबर निघाले. आमच्या जुन्या गल्ल्याचा खण तळहाताने जोरात ठोकल्याशिवाय मिटत नसे. बिल झाले की ठोकायचे, ही एकतीस वर्षांची सवय. त्या आनंदात त्यांनी काचेवर ठोकले. मी आधी हसले, मग काच पाहिली.

मघाशी खोटे का सांगितले, असे हवालदारांनी विचारले. त्यांच्या हाताची चर्चा गावभर होऊ नये, एवढेच कारण. त्यावर पती म्हणाले, "अगं, वर्षभरात पहिल्यांदा मी काहीतरी बिघडवलंय. तेवढं तरी माझ्या नावावर राहू दे."

काच बदलून देण्यास आम्ही तयार आहोत. मोठ्या बटणांचे मशीन पसंत केले आहे. ते ठोकलेले सोसते, मी स्वतः ठोकून पाहिले. उद्यापासून गल्ल्यावर पती बसतील.

दुरुस्तीसह सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. खाली माझी सही. शेजारी पतींनी उजव्या हाताने सही केली. तिला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.