दिग्गीच्या वाटेवर तांब्याचा भोपळा

जबाब

मी तारा लक्ष्मण मिराशी, वय अंदाजे सदुसष्ट, धंदा भातशेती, राहणार दिग्गी, तालुका जोयडा. आज दिनांक २० फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन सांगते की, जावयाने छापलेल्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार आहे.

माझी मुलगी पूर्णिमा रामनगरला दिली आहे. तिच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. दरवर्षी सुगी संपली की मी तिच्याकडे जाते. रानातून तीन तास चालायचे, मग बस. बरोबर पिशवीभर कंद आणि आमसुले. मुलीकडे मी द्यायला जाते, खायला नाही. हे नीट लिहून घ्यावे.

जावई गुरुदास शाळामास्तर आहेत. माणूस चांगला, पण सुट्टीत रिकामा असतो. म्हातारी, वाघ आणि भोपळा ही जुनी गोष्ट त्यांनी नव्याने लिहून स्वतःच छापली. त्यात भोपळा तांब्याचा आहे. पोटात बंब, वर धुराडे, खाली दातेरी चाके आणि एक शिटी. अशा वाफेवरच्या गोष्टींना हल्ली स्टीमपंक म्हणतात म्हणे. म्हणोत.

दिनांक २ रोजी रामनगरच्या देवळाच्या हॉलमध्ये प्रकाशन झाले. मला पहिल्या रांगेत बसवून नारळ दिला. कव्हरवर बघते तर मीच. माझा कोयता, माझी छत्री, गालावरचा चामखीळसुद्धा सोडला नाही. मग जावयांनी मोठ्याने वाचले. म्हातारी वाघाला सांगते की मी आता वाळकी आहे, लेकीकडे खाऊन लठ्ठ होऊन येते, मग मला खा. आणि येताना भोपळ्यात लपून त्याच्या नाकासमोरून शिटी वाजवत निघून जाते. सगळा हॉल माझ्याकडे बघून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मी वाघाशी कधीही खोटे बोललेले नाही. मागच्या मार्गशीर्षात ओढ्याजवळ तो वाटेत बसला होता. मीही बसले. बराच वेळ झाल्यावर मी म्हटले, "बाबा, ऊठ आता. माझी बस चुकतीया." तो उठून गेला. बस चुकलीच, पण त्यात त्याचा दोष नाही. हे सगळे मी घरी सांगितले होते. पुस्तकात घेतले नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी जावयांना विचारले, "त्या म्हातारीला पाय न्हवते काय?"

ते म्हणाले, "हाईत की, मामी. पण तुमी वाटेवर असता त्या दिवशी पूर्णिमा जेवत न्हाई. तुमी पोचंपर्यंत दारातच उभी असती. म्हणून भोपळ्यात बसवलं."

बावीस वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. मी पोरीकडे बघितले. ती खुर्च्या आवरत होती.

त्यानंतर जावयांनी रानातल्या वनखात्याच्या गेटवर पहाऱ्याला असणाऱ्या गणपती नावाच्या पोराला पुस्तक भेट दिले. तो आमच्याच गावचा. तेव्हापासून मी बाजाराला निघाले की तो विचारतो, "आज्जी, भोपळा कुठं हाय?" आणि खात्याची जीप येईपर्यंत बाकावर बसवून ठेवतो, एकटीला चालू देत नाही. १० तारखेला बसवले, १५ ला बसवले. आज मी गेट चुकवून वरच्या वाटेने आले. माझी वाट बंद झाली तर मी घरात बसून करू काय?

कोणता गुन्हा लावायचा, असे साहेबांनी विचारले. मला केस नको. जावयांना बोलावून समज द्यावी. दुसऱ्या आवृत्तीत म्हातारी खरे बोलेल आणि पायांनी जाईल. भोपळा काढू नये, त्यांनी मेहनत केली आहे. तो मागून यावा. कंद त्यात ठेवता येतील.

जबाब लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. एका जागी वाघाला 'अज्ञात इसम' लिहिले होते, ते दुरुस्त करून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा: तारा लक्ष्मण मिराशी
समक्ष: नागराज, हेड कॉन्स्टेबल

शेरा: बाई ठाण्यात आल्याचे मुलीच्या घरी फोनवर कळवले व बाईंना ठाण्याच्या जीपने घरी पाठवले. गेटपाशी त्या उतरल्या, पिशवी जीपमध्येच ठेवली आणि पुढे चालू लागल्या. गणपतीने गेट उघडले. जीप मागून हळू नेली. थोड्या अंतरावर रेंज मिळताच त्यांनी चालकाच्या फोनवरून मुलीला फोन लावायला सांगितला व "पोचले गं घरी, जेव आता" असे बोलल्या. तिथून दिग्गी चालत अजून दोन तास होते.