पिनो वेल्सचा आकडा

सॅक्रामेंटोच्या सरकारी कचेरीत ओफेलिया आपल्या कॉलेजच्या नर्सिंग वर्गाची मंजुरी मागायला आली होती. शेजारी दुसऱ्या कॉलेजातले दोघं बसले होते, म्हातारे व्हर्नन सर आणि तरणी रोझाल्बा.

"झाली हो मंजुरी, सर! सकाळी अर्ज, दुपारी शिक्का. पूर्वी नुसत्या चपला झिजायच्या."

"तेच खटकतंय मला. पूर्वी गावातले धंदेवाले कमिटीत बसायचे. विचारायचे, इतकी पोरं शिकवून लावणार कुठं?"

"आता कॉम्प्युटरच सांगतो ना, कुठल्या गावात कसली माणसं लागणार ते. आकडा मोठा, की मंजूर."

"अगं, पण आपला कोर्स पुरण्याआधी मढी सजवायचा! पिनो वेल्ससारख्या एवढ्याशा गावाला मढी सजवणारे शेकड्यानं कशाला लागतील?"

"चुकला असेल आकडा."

"म्हणून तर आत विचारून आलो. बाई म्हणाल्या, पुन्हा तपासला, बरोबर आहे. वर म्हणतात, दोन वर्षांचा कोर्स नको, उशीर होईल. पोरं येत्या ईस्टरच्या आत तयार हवीत."

"ईस्टरच्या आत? जाऊ द्या सर, मला भीती वाटते. दुसरं काही बोला. तुम्ही हो ताई, कुठल्या?"

"पिनो वेल्सची," ओफेलिया म्हणाली.

मग रोझाल्बानं मांडीवरचा गोड पावांचा डबा तिच्याकडं सरकवला.

"घ्या ना, ताई. सगळेच घ्या."