दिल्याची हवा आणि शेवंताकाकूंच्या मिरच्या

हवा करणारे तुम्ही खूप पाहिले असतील, आमच्या दिल्याला ती बाटलीत ओतायची होती. लालबागच्या चाळीत, स्वतःच्या खोलीत त्याने हवेचा द्रव करायचं मशीन बसवलं. हवा दाबायची, थंड करायची, मग एकदम सैल सोडायची की ती आणखी गारठते, असं त्याचं गणित. पण दाबलेली हवा तापते, आणि ती उष्णता तो पंख्याने गॅलरीत सोडायचा. भर आषाढात चाळ घामाघूम.

शेवटी चाळीचे सेक्रेटरी दारात आले. "थेंब दाखव, नाहीतर मशीन उचल."

"काका, आत जेवढी थंडी करू, त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकावीच लागते. निसर्गाचा नियम आहे."

"निसर्गाचा असेल, चाळीचा नाही," म्हणत त्यांनी प्लगला हात घातला.

"हात तर लावून बघा," शेजारच्या शेवंताकाकू गरजल्या. पंख्यासमोर त्यांचं सूप होतं आणि आठवडाभर पावसात न सुकलेल्या सांडगी मिरच्या त्यात कडकडीत वाळल्या होत्या. "मेल्या दिल्या, तुझी हवा पातळ होऊंदे नायतर जाऊंदे. उद्या मी बोंबील आणतंय."

मशीन अजून चालू आहे. थेंब काही पडलेला नाही, पण पंख्यासमोरच्या दोरीवर रोज पहिला नंबर सेक्रेटरींच्या लेंग्याचा असतो.