सगळी मोठी विमानं येणार होती

...नाही, मी म्हणतो, चुकीचं ठरवा, पण एकदा काय ते ठरवा ना. 'सध्या तरी असं ठरलंय' हे काय ठरवणं झालं? सध्या तरी लग्न ठरलंय म्हणून कुणी मांडव घालतं का? पण आमच्या शंभूराजच्या विमान कंपनीत सगळं असंच ठरतं, आणि त्यात त्या माणसाचं काय झालं ते तुम्हाला सांगतो.

शंभूराज म्हणजे बंगळुरातल्या चामराजपेटेतला माझा शाळेपासूनचा दोस्त, पुढं माझ्या बहिणीचा, पवित्राचा, नवरा झाला म्हणून मेव्हणा, पण आमचं अजून अरे-तुरेच. विमानाचा इंजिनीयर. उडवणारा नव्हे, उडायच्या आधी तपासून 'जाऊ दे' म्हणणारा. कंपनीकडं ती छोटी, बाहेर पंखे फिरणारी विमानं होती, आणि ह्याचा त्यांच्यावर काय जीव म्हणता... बायकोचा वाढदिवस विसरेल, पण कुठल्या विमानाचं दार कुठं कुरकुरतं ते विचारा.

तर एक दिवस ह्याचा साहेब गिरीराज, पुण्याहून आलेला, इंदिरानगरच्या ऑफिसात सगळ्यांना बसवून म्हणाला, "शंभू, लिसन, आता छोटी विमानं आऊट. ओन्ली मोठी जेट. एकच टाइप, एकच ट्रेनिंग, सगळं कसं सिंपल. तू जेटचं शिकून घे आणि फॅमिलीला घेऊन हैदराबादला शिफ्ट हो, इथलं हँगर बंद. सध्या तरी असं ठरलंय."

सिंपल म्हणे! पवित्रानं शाळेतली नोकरी सोडली. शाल, नारळ, मुलींची रडारड, सगळं झालं. शंभूराजच्या आईला, रत्नाबाईंना, गल्लीतल्या घराघरांतून निरोपाचं जेवण. रोज कुठं तरी होळीगे, म्हणजे आपली पुरणपोळी, रोज कुठं तरी डोळे पुसणं. "आता कुठं भेट होते अक्का," असं म्हणून म्हणून त्यांचा घसा बसला. शंभूराज तिकडं जेट शिकून, परीक्षा देऊन पास होऊन आला. बोचकी बांधली, टेम्पो दारात, आणि गिरीराजचा फोन. "शंभू, थोडं होल्ड कर. जेट फॅक्टरीतून लेट होताहेत. छोटी विमानं अजून ठेवतोय. सध्या तरी असं ठरलंय."

टेम्पोवाला कन्नडात काय बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही.

पवित्रा शाळेत परत गेली, हेडबाई म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, या, पण तुमच्या वर्गावर आता दुसरी आहे, तुम्ही स्वल्प खालच्या वर्गाला घ्या." शाल परत द्यायची असते का हो अशा वेळी? आणि रत्नाबाई? सगळ्या गल्लीची होळीगे पोटात, तोंड कुठं दाखवणार? महिनाभर मागच्या बोळानं देवळात जात होत्या.

मग जेट आली. खरंच आली, पण हैदराबादचं कुणी पुन्हा काढलं नाही. आणि छोटी विमानं एकेक करून परदेशातल्या मूळ मालकाला परत जायला लागली. ह्याचं सगळ्यात लाडकं शेवटी गेलं. ते परत द्यायचं तर नव्यासारखं करून द्यायचं, म्हणून ह्यानंच त्याच्या खुर्च्या बदलल्या, कंपनीचं नाव खरवडून काढलं, सगळं पांढरं केलं. मुलीला सासरी पाठवताना बापाला मुंडावळ्या बांधायला लावाव्यात तसं. संध्याकाळी घरी आला, हात धुतले, ताटावर बसला. पवित्रानं हळूच विचारलं, "वाईट वाटलं?" हा म्हणतो, "सध्या तरी नाही. आमटी वाढ."

मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. मी हसलो.

आता पुढचं ऐका. नव्या जेटच्या इंजिनांत काही तरी दोष निघाला, इंजिनं दुरुस्तीला गेली, आणि एवढी मोठी विमानं पंखाखाली रिकामी, चाकं काढून विटांवर ठेवलेल्या गाडीसारखी उभी. तिकिटं तर विकलेली! मग कंपनीनं घाईघाईनं बाहेरून एक विमान भाड्यानं आणलं. छोटं, पंख्याचं, पांढरं. शंभूराजनं दार उघडलं, दार कुरकुरलं. आत जाऊन बघतो तर खुर्च्या ह्यानंच बसवलेल्या.

"सर, हे आपलंच आहे," हा गिरीराजला म्हणाला.

गिरीराजनं आधी भाड्याच्या कागदावर सही केली. मग म्हणाला, "आपलं होतं रे. आता भाड्याचं आहे. सध्या तरी असं ठरलंय."

मी विचारलं, "मग तुला काय वाटलं रे? हात तरी फिरवलास का त्याच्यावरनं?" म्हणाला, "टायर घासले होते. बदलले."

एवढंच. टायर बदलले.

आणि गेल्या महिन्यात सकाळी ह्याच्याकडं दोसे खायला बसलो होतो, तर गिरीराजचा फोन. हँगर बंगळुरातच राहणार, छोटी विमानं परत आणणार, आणि शंभूराज त्या सगळ्याचा प्रमुख. लिहून आलं, पक्कं. रत्नाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पवित्रा तवा तसाच टाकून बाहेर आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मीही बघत होतो. हा म्हणाला, "सरी," आणि चटणीत दोसा बुडवला. पवित्रा आत गेली. दोसा करपल्याचा वास आला, तरी बराच वेळ कुणी तवा उतरवला नाही.

मला राहवलं नाही. स्कूटरवर मागं बसवून यशवंतपूरच्या बाजूला काढला त्याला, नुसता वारा खायला. सिग्नलला थांबलो, मान वळवून म्हटलं, "शंभ्या, लपवू नकोस. आनंद झाला की नाही?"

हा विचारात पडला. खरंच विचारात पडला, तुम्हाला सांगतो... लाल सिग्नल सरला, मागचे रिक्षावाले हॉर्न मारायला लागले, तरी ह्याचं चाललंच होतं. शेवटी म्हणाला,

"झाला असेल रे. स्वल्प थांब, बघून सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. आम्ही आपलं घरी सगळ्यांनी झालाय असं धरून पेढे वाटून टाकले.