खंडेनवमीला सर्व्हर बंद

...आणि वर आमची बायको मलाच म्हणते, "री," म्हंजे अहो, "वर्षभर राबतोय तो, एक दिवस निजला तर काय बिघडलं?" काय बिघडलं! तुमाला सांगतो, माझं काळीज जाग्यावर न्हाय अजून. अहो, चौदा वर्षांचा सर्व्हर हाय तो. पॉलिटेक्निकनं भंगारात काढलेला, मी तितंच लॅबमध्ये तीस वर्षं घासलेली, म्हटलं दोघं एकदमच रिटायर होऊ, आणला रिक्षातनं मांडीवर घेऊन. शेवटचे चारशे अकरा दिवस तर एकदाबी बंद न्हाय. कारण आमच्या धंद्याचा पहिला नियम काय? चालत्या यंत्राला हात लावायचा न्हाय!

करतो काय म्हणून इचारा की. ज्वारीचं गणित करतो. कमी पावसात तग धरणारं वाण कुठलं, त्याचा हिशेब एवढा मोठा हाय की एका कॉम्प्युटरला शंभर वर्षं पुरणार न्हाईत. मग सात देशांतली तीनशे माणसं, वळसंगचा बिरप्पा, करकंबच्या शाळेतल्या रेश्मा मॅडम, एक तर फिनलंडचे आजोबा, घरचा कॉम्प्युटर रिकामा असला की त्यावर थोडं थोडं गणित सोडवून देतात. फुकट, बरं का! आपल्या विडी कारखान्यातनं बायका पानं-तंबाखू घरी नेतात, विड्या वळून परत आणून देतात, अगदी तसं. आणि आमचा सर्व्हर म्हंजे त्या कारखान्याची खिडकी. खिडकीच बंद तर काम वाटणार कोण, घेणार कोण? आणि फुकट राबणारा माणूस दोन दिवस वाट बघतो, तिसऱ्या दिवशी जातो, तो परत येत न्हाय. असं एक काम बुडताना बघितलंय मी. हे बुडू देणार न्हाय म्हंजे न्हाय.

त्यापायी काय न्हाय केलं? उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला, घरात एकच कूलर, तो सर्व्हरपुढं, आमी दोघं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलो! नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, आलं की सगळी गल्ली एकदम मोटर लावते, व्होल्टेज धाडकन खाली... मग पाण्याच्या दिवशी मी दारोदार, बाबांनो, आळीपाळीनं लावा की. शेजारी संगमेशचे यंत्रमाग हायत, तो म्हणतो, काका, ज्वारीसाठी आमी पारोसं बसायचं व्हय? पण ऐकतो बिचारा. आणि आल्यागेल्याला माझं एकच, चालत्या यंत्राला हात लावायचा न्हाय!

मागल्या खंडेनवमीला ही माहेरी होती, म्हणून वाचलो. औंदा घरात. मी दूध आणायला गेलो, दहा मिनिटं, फार तर बारा... परत येतो तर सर्व्हरला हळद-कुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ, आणि घरघर न्हाय. खोलीत चिडीचूप! मी म्हटलं, नागम्मा, हे काय केलंस?

ती म्हणाली, "माझ्या माहेरी चार माग होते. खंडेनवमीला एकबी चालवत न्हवते. यंत्राची पूजा, त्या दिवशी त्याला राबवायचं नसतं. आणि चालत्याला हात लावायचा न्हाय म्हणता न्हवं? म्हणून आदी बंद केला, मंग कुंकू लावलं."

मी धावलो. बटण दाबलं. दिवा लागला, विझला. जुनी डिस्क फिरतीय तोवर फिरते, थांबून गार पडली की चिकटून बसते. रविवारपर्यंतची कॉपी होती माझ्याकडं, पण त्यानंतरचं, तीनशे घरांनी केलेलं काम तिच्या पोटात. मी रडगाणं लावलं, तर ही म्हणते, सुम्न कुंड्री, म्हंजे गप बसा, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात दिला.

खोललं. आत काय असावं? संगमेशच्या मागांचा कापूस! उशी भरंल एवढा! पंखा त्यात गुरफटून अर्धमेला. अजून आठवडाभर तसाच चालला असता तर सगळंच जळालं असतं, आणि मी मात्र चारशे अकरा दिवस मोजत बसलो असतो. साफ केला. डिस्क काढली, मनगटाला झटका देऊन फिरवली, बसवली. न्हाय. परत काढली. न्हाय. आठव्यांदा... कुर्र! दुपारचे चार वाजले होते. डोळ्याला पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू?

मग तीनशे जणांना खरं ते लिवलं, पूजेसाठी यंत्र बंद होतं, माफी असावी. म्हटलं आता गळती लागणार. एक माणूस गेला न्हाय! फिनलंडच्या आजोबांनी तर इचारलं, पुढच्या वर्षी ही सुट्टी कुठल्या तारखेला येते, मीबी माझा बंद ठेवतो. मग बाकीचेबी तेच म्हणाले, झालं, ठरूनच गेलं. सात देशांत तीनशे कॉम्प्युटर, खंडेनवमीला सगळ्यांना सुट्टी!

नागम्मानं लगेच मला सांगून टाकलं, त्या दिवशी तुमी मोकळे, माळा साफ करायचा. मी म्हटलं, अगं, मग मला सुट्टी कधी?

तर म्हणते, "तुमी काय यंत्र हाय व्हय?"

...शिडी संगमेशकडनं आणून ठेवलीय.