शांत पेठ

पुंडलिक : ...म्हणून म्हणतो महाबळेश्वर, या अर्जावर तूही सही कर. आपल्या रामनगरचा बाजार रस्त्यावरून उचलून गावाबाहेर न्यायचा. पेठ कशी शांत असते, ते इंग्लंडात पाहून आलोय मी.

महाबळेश्वर : आणि माझं भांड्यांचं दुकान रे? बाजार गेल्यावर पेठेत कोण येणार, मर्दा?

पुंडलिक : निवडक गिऱ्हाईक येतं. आमच्या लेकीनं, अंकितानं मुद्दाम मंगळवारी तिथल्या एका गावात नेलं, गर्दी नको म्हणून. आठशे वर्षांची बाजारपेठ! दगडी चौक, घड्याळाचा मनोरा. आवाज म्हणून नाही.

मंगल : माणूस म्हणून न्हाई, ते सांगा की. एक म्हातारा कुत्रं घेऊन चाललेला, त्याचाबी फोटो काढला ह्यांनी.

पुंडलिक : शिस्त म्हणतात त्याला.

मंगल : चार दुकानं उघडी, भावजी. तिनांत लोकांनी दान दिलेली जुनी कापडं. चौथं लोकरीचं.

महाबळेश्वर : म्हंजे बाजारपेठंत बाजारच न्हाई?

पुंडलिक : सीझन नव्हता.

मंगल : लोकरीवाली म्हातारी म्हणाली, सकाळपासनं तुम्हीच पहिले. अंकिता मला तिचं बोलणं उलगडून सांगत हुती. आधी चौकात गुरांचा बाजार भरायचा. घाण हुतीया, गलका हुतोय म्हणून गावानं अर्ज केला आन् बाजार बाहेर घालवला. अर्जावर पहिली सही त्या म्हातारीच्याच नवऱ्याची.

महाबळेश्वर : हे तू बोलला न्हाईस, पुंडलिक.

पुंडलिक : मी तेव्हा बाहेर मनोरा पाहत होतो.

मंगल : शेजारीच हुबे हुता. मग तिनं इचारलं, तुमच्याकडं भरतोय का बाजार? मी मोबाईलवर दाखवला. मधोमध ट्रक अडकलाय, मिरचीवाली ड्रायव्हरला शिव्या घालतीया. तीनदा बघितला तिनं. आवाज वाढवा म्हणाली.

महाबळेश्वर : शिव्या कळल्या व्हय तिला?

मंगल : कळल्यागत हसली की.

पुंडलिक : (अर्जाची घडी घालत) लोकर चांगली होती हं तिची.

मंगल : मग दुकान लवकर बंद करून आमच्यासंगं बसपातूर आली. बस सुटली, वळणापातूर गेली, तरी हात हलवत हुबी.

महाबळेश्वर : तुम्हांलाच?

पुंडलिक : दुसरं कोण न्हवतंच रे तिथं.